खंडेनवमीचं कुलूप

लहानपणी मी ज्या दोरीखाली झोपायचे, तिच्यावर ओली पत्रकं वाळत घातलेली असायची. नांदेडला आमचा छापखाना आणि आमचं घर एकाच खोलीत होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोर्चांची, संपांची, जाहीर सभांची पत्रकं छापायचे. पंखा लागला की ती सगळी एकदम हलायची आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, पिवळ्या पाखरांचा थवा छतापाशी अडकून पडला आहे. अक्षरं मी त्या पाखरांच्या पोटावर शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा मला वाचता आलेला पहिला शब्द. दुसरा, 'मागण्या'.

अशा मुलीनं एका कंपनीच्या प्रशिक्षण विभागात नोकरी धरावी, याचं माझ्या जुन्या मैत्रिणींना नवल वाटतं. एकीनं तर तोंडावर सांगितलं, की तू मालकाच्या बाजूला जाऊन बसलीस. मी तिच्याशी भांडले. भांडण अजून मिटलेलं नाही. नोकरीचे अनुभव दिवाळी अंकात लिहावेत एवढं माझं वय झालेलं नाही, हेही खरं. पण एका दुपारी मी एक अख्खी गिरणी एका बाईसाठी थांबलेली पाहिली. ती दुपार मला अजून बसमध्ये डोळा लागला की दिसते, म्हणून लिहिते आहे.

आमची कंपनी डाळीची आणि सोयाबीनची. मुख्य कचेरी लातूरला, गिरण्या लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेड आणि देगलूरला. प्रशिक्षण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पडदा, प्रोजेक्टर आणि शेवटचा समोसा येतो. ते सगळं सोपं असतं. अवघड असतं ते माणसं एका वेळी मोकळी सापडणं. एका पाळीची माणसं झोपलेली, दुसरीची कामावर, तिसरीची पेरणीला गावी गेलेली. लग्न ठरवावं आणि नवरा, नवरी, भटजी, वाजंत्री यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या दिवशी असाव्यात, तसं हे काम. मी लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एसटीत बसून हे आराखडे मनात मांडत असे. चाकूर यायचं, अहमदपूर यायचं, लोहा यायचं, खिडकीबाहेर तुरीची शेतं मागं जायची आणि डोक्यात माणसं पाळ्या बदलत फिरत राहायची.

त्या वर्षी सगळ्या गिरण्यांना शिकवायची गोष्ट एकच होती. ती बाहेरच्यांना समजावी म्हणून सांगते. गिरणीत माल येतो तो जमिनीतल्या खड्ड्यात ओततात. तिथून डोल लावलेला पट्टा तो उचलून वरच्या मजल्यांवर नेतो. खड्ड्याच्या तळाशी दाणे सांडतात, ओल धरतात, कुजतात, पट्टा अडतो. मग कुणाला तरी टोपली आणि खराटा घेऊन आत उतरावं लागतं. पट्टा चालू करायचं बटण वरच्या खोलीत असतं. बटण दाबणाऱ्याला खड्डा दिसत नाही, खड्ड्यातल्याला बटण दिसत नाही. सगळा प्रश्न एवढाच.

उत्तरही तेवढंच साधं. खड्ड्यात उतरणाऱ्यानं आधी वर जाऊन विजेचा मुख्य खटका पाडायचा, त्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचं आणि चावी स्वतःजवळ घेऊन खाली उतरायचं. दोघं उतरली तर दोन कुलपं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. दुसरी चावी नाही, साहेबांकडेही नाही.

अहमदपूरच्या गिरणीत पट्टा चालवणारे महादप्पा मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी कपाळावरचं भस्म नीट करत डावा हात पुढं केला. दोन बोटं नव्हती.

"मी आत व्हतो. वरच्याला वाटलं बाहेर आलो," ते म्हणाले. "त्याची चूक न्हाई बगा. तो बिचारा अजून मला बगून रस्ता बदलतो."

"आणि तुम्ही?"

"मी त्याला हाक मारतो. चहा पाजतो. बोटं गेली मनून काय मानूस बी घालवू?"

त्याच खड्ड्यात आता शेवंताबाई उतरत असे. चाकूरजवळच्या गावातून रोज एसटीनं येणारी, पन्नाशीची, बारीक अंगाची, आणि जिभेला कुलूप कधीच न लावलेली बाई. ती कंपनीची नव्हती. ती ठेकेदाराची होती. हा फरक बाहेरच्यांना कळत नाही. गिरणी तीच, धूळ तीच, खड्डा तोच, पण कंपनीच्या हजेरीपटावर नाव नाही. माझ्या आराखड्याचं शीर्षक होतं 'सर्व कर्मचाऱ्यांसाठी', आणि खड्ड्यात प्रत्यक्ष उतरणारी एकही बाई त्या 'सर्व'मध्ये बसत नव्हती.

मी मसुदा केला आणि नांदेडला गेले तेव्हा अण्णांना दाखवला. एका पानाचा कागद, चित्रांसकट. अण्णांनी चष्मा वर केला, वाचलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली.

"हे काय आहे?"

"पत्रक."

"पत्रकात मागणी असते. ही नोटीस आहे. मागणी कुठंय?"

मी त्या रात्रीपुरती रुसले. सकाळी एक ओळ वाढवली: 'जी आत उतरेल, चावी तिच्या हातात.' अण्णांनी ते पिवळ्या कागदावर छापून दिलं.

बिराजदार साहेब आमच्या सगळ्या गिरण्यांचे प्रमुख. माणूस वाईट नाही. शांत बोलतात, डबा वाटून खातात. त्यांनी पिवळं पत्रक दोन बोटांत धरलं.

"मॅडम, ठेकेदाराच्या बाईच्या हातात चावी दिली म्हणजे काय होईल, विचार केलाय?"

"ती जिवंत वर येईल."

"ते झालंच. पण तिनं कुलूप लावलं की आपली गिरणी बंद. ती काढीपर्यंत बंद. मी जरी आलो तरी बंद."

"हो. तसंच आहे."

"म्हणजे गिरणी कुणाची?"

"ती खड्ड्यात असेपर्यंत तिची," मी म्हणाले. बोलून झाल्यावर माझे कान तापले. साहेबांनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, "करून बघू. पण एकदा जरी यामुळं कामाचा खोळंबा झाला, तर ठेकेदाराच्या माणसांच्या चाव्या परत घेणार. मंजूर?"

मंजूर म्हणण्यावाचून मला रस्ता नव्हता.

मग तारखेचा घोळ सुरू झाला. कुलपाचं शिक्षण बंद यंत्राशेजारी उभं राहूनच द्यावं लागतं, आणि आमची यंत्रं कधी एकदम बंद नसत. उदगीर थांबली तर देगलूर चालू. शेवटी एकदा लातूर स्टँडवर, फुलवाल्याच्या हातगाडीपुढं बस लागली असताना, मला ते सुचलं. वर्षात एक दिवस असा येतो, की मराठवाड्यातली एकही गिरणी चालत नाही. खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यंत्रं धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, पूजा करतात आणि दसऱ्यापर्यंत कुणी त्यांना चालवत नाही. देगलूरकडे तिलाच आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी हजेरीपटावरची, पटाबाहेरची, हमाल, मुकादम, सगळी माणसं आपणहून गिरणीत येतात. पेढ्यासाठी का होईना, येतात.

पत्रकांत वाढलेल्या मला हे सुचावं, याचा मला थोडा रागही आला. आमच्या घरात खंडेनवमी कधी नव्हती. यंत्र हे यंत्र, असं शिकलेली मी. आमचा सण दुसऱ्या दिवशी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा, पांढऱ्या साड्यांचा. तरी आराखडा तिथंच बसत होता, आणि तत्त्वासाठी तारीख सोडणं मला परवडणारं नव्हतं.

अहमदपूरला मी स्वतः गेले. बाकी ठिकाणी मी तयार केलेली माणसं होती. गिरणीत शिरले आणि दारातच थांबले. इतकी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती. वरच्या झरोक्यातून ऊन तिरकं खाली येत होतं आणि त्यात डाळीची धूळ तरंगत होती. खाली बसत नव्हती, वरही जात नव्हती. पट्ट्यावर झेंडू, चाळण्यांवर झेंडू, खड्ड्याच्या कठड्यावर झेंडू. चिमण्या आत आल्या होत्या. एवढं मोठं यंत्र झोपलेलं असावं आणि आपण त्याच्या स्वप्नात शिरावं, तसं वाटलं.

पण अडचण तिथंही होती. मी खटक्यापाशी गेले तशी माणसं मागं सरली.

"ताई, पूजा झाली हाय," मुकादम म्हणाला. "आता हात लावायचा न्हाई. उद्यापातूर."

"मला चालू करायचं नाही. बंदच ठेवायचं आहे. बंद कसं ठेवायचं, हेच शिकवायचं आहे."

लोक एकमेकांकडे बघू लागले. महादप्पा पुढं आले. त्यांनी माझ्या हातातलं लाल कुलूप घेतलं, उलटसुलट बघितलं, खटक्याला लावलं. मग ताटातलं हळदकुंकू घेऊन त्याला बोट लावलं आणि वर झेंडूचं एक फूल अडकवलं.

"झालं," ते सगळ्यांना म्हणाले. "पुजलेलं यंत्र कुणी चालू करतंय का? न्हाई ना. तसंच हे. कुलूप दिसलं की समजायचं, खंडेनवमी हाय. कुणाची का असंना."

माझी सगळी चित्रं, सगळे मुद्दे त्या दोन वाक्यांत मावले. मला ते आवडलं आणि खुपलंही. संध्याकाळी फोनवर अण्णांना तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर ते म्हणाले, "कुंकू लावल्यानं कुलूप उघडलं का?" मी नाही म्हणाले. "मग लावू दे की."

शेवंताबाईला त्या दिवशी तिचं कुलूप दिलं. चावी तिनं बोटांत धरून उन्हात फिरवली.

"ही माझीच? घरी न्यायची?"

"तुझीच. कुणाला द्यायची नाही. मुकादमाला नाही, साहेबांना नाही, मलासुद्धा नाही."

"तुमाला बी न्हाई?" ती हसली. "मग काय, आता तर मी मालकीन झाले बाई." पदराच्या गाठीत तिनं चावी बांधली आणि गाठ दोनदा आवळली.

दसरा झाला, सोयाबीनची आवक सुरू झाली. एका दुपारी मी लातूरहून अहमदपूरला निघाले होते. बसमध्ये ऊन मांडीवर पडलेलं, कंडक्टर पेंगत होता, मीही. फोन वाजला. बिराजदार साहेब.

"मॅडम, तुमच्या कुलपानं अहमदपूर बंद पाडलंय."

झोप उडाली. सकाळी शेवंताबाईनं कुलूप लावून खड्डा साफ केला होता. दुपारी माल नाही, म्हणून मुकादमानं तिला सुट्टी दिली, आणि ती बस पकडायच्या घाईत खटक्यावरचं कुलूप तसंच ठेवून गेली. मग आभाळ भरून आलं. माल भिजायच्या आत उतरवावा म्हणून गाड्या एकामागून एक येऊन उभ्या राहिल्या. पट्टा चालू करायला महादप्पा वर गेले, तर खटक्याला लाल कुलूप.

"बाई बाहेर आहे, सगळ्यांनी बघितलंय," साहेब म्हणाले. "खड्डा रिकामा आहे. कटर मागवलाय. तुम्ही फक्त हो म्हणा."

"बाई आहे कुठं?"

"चाकूरला, बँकेत. फोन लागत नाही. तुम्ही कुठं आहात?"

बाहेर बघितलं. चाकूरची पहिली घरं येत होती.

"साहेब, मी तिच्याकडे पोचते. कापू नका."

"आभाळ बघितलंय का?"

"बघितलंय. आज कापलं तर उद्या त्या कुलपाला कुणी विचारणार नाही. उद्या खड्डा रिकामा नसेल."

फोन बंद झाला. हो की नाही, ते कळलं नाही.

बँकेत पंखे होते आणि वारा नव्हता. रांग भिंतीच्या कडेनं वळून पायऱ्यांपर्यंत आलेली. शेवंताबाई खिडकीच्या जवळ पोचली होती. मला बघून तिला आनंद झाला.

"ताई? तुमी बी अंगठा द्यायला आलात?"

मी सांगितलं. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तोंड उतरलं.

"आगं माय. तसंच ऱ्हायलं की."

"चावी दे. मी पुढची बस धरते."

तिनं गाठ सोडली. चावी बाहेर काढली. मग माझ्याकडे बघितलं, आणि मूठ मिटली.

"न्हाई."

"शेवंताबाई, गाड्या भिजतील."

"तुमीच मनले व्हते. मलासुद्धा न्हाई, असं मनले व्हते. मी इचारलं बी व्हतं."

रांगेतल्या बायका आमच्याकडे बघू लागल्या. नियम मीच लिहिला होता, पिवळ्या कागदावर, ठळक अक्षरांत. आयुष्यभर मी पत्रकं वाटली, पण कुणी त्यातलं वाक्य माझ्याच तोंडावर असं ठेवलं नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. "मग तूच चल."

"मी चलते की. पर रांग सुटली तर फिरून उद्या. उद्याचा रोज बुडंल. दोघी हायत पुढं फक्त."

आम्ही थांबलो. पुढच्या दोघी झाल्या. शेवंताबाईनं यंत्रावर अंगठा ठेवला. उमटेना. दुसरा ठेवला. तोही उमटेना. खराट्यानं आणि दाण्यांनी रेषा घासून गेलेल्या. खिडकीतल्या मुलीनं ओलं फडकं दिलं, पुसा म्हणाली, पुन्हा ठेवा म्हणाली. फोन खिशात थरथरत होता. साहेबांचा. मी उचलला.

"आणखी किती वेळ?"

"अंगठा उमटत नाही तिचा."

"म्हणजे?"

"म्हणजे यंत्र तिला ओळखत नाही, साहेब. आपलं कुलूप ओळखतं. थोडं थांबा."

त्यांच्या मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, म्हणजे ते स्वतः अहमदपूरला पोचले होते. "महादप्पा कुलपावर हात ठेवून उभा आहे," ते म्हणाले. "कटरवाल्याला सांगतो, राहिलेली तीन बोटं आधी काप. मी काय करू?"

"काहीच करू नका."

अंगठा शेवटी करंगळीशेजारच्या बोटावर निभावला. काळी-पिवळी जीप मिळाली. रस्ताभर आभाळ आमच्यासोबत येत होतं, खाली वाकलेलं, राखाडी, आणि पडत नव्हतं. शेवंताबाई मूठ मिटून बसली होती. एकदाच म्हणाली, "काडून घेतील का चाव्या आमच्या?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

गिरणीच्या रस्त्यावर गाड्यांची ओळ लागली होती. ड्रायव्हर टपांवर बसून आभाळ बघत होते. जीपमधून ती उतरली आणि चालू लागली, मी तिच्यामागं. हमाल बाजूला झाले. मुकादम बाजूला झाला. दारात बिराजदार साहेब उभे होते, हात मागं बांधून. तेही बाजूला झाले. आत तीच खंडेनवमीची शांतता होती, तीच धूळ हवेत थांबलेली, आता सुकलेल्या झेंडूचा वास.

वरच्या खोलीतून महादप्पांनी हाक मारली. "ये माय," ते म्हणाले. "मुंग्या आल्या हाताला."

ती लगेच वर गेली नाही. आधी खड्ड्यापाशी गेली, कठड्यावरून वाकली आणि शिकवल्याप्रमाणे मोठ्यानं ओरडली, "कोन हाय का आत?"

आत कुणी नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी सगळे कान देऊन उभे राहिले. तिचा आवाज खाली गेला, घुमला, परत आला. ती उत्तराची वाट बघत राहिली. तिच्याबरोबर कंपनी, ठेकेदार, गाड्या, आणि मला तर वाटतं आभाळसुद्धा.

मग ती वर गेली आणि कुलूप काढलं.

पट्टा फिरू लागला तशी धूळ जागी झाली. त्या आवाजात साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "गेटबाहेर जाताना कुलूप काढलंय का, हे गेटवर विचारायचं. तुमच्या पत्रकात टाका."

"आणि चाव्या?"

"टाका म्हणालो ना पत्रकात. चाव्या नसत्या तर विचारायचं काय?"

तो नियम आता पाचही गिरण्यांत आहे. शेवंताबाईचं नाव मात्र अजून हजेरीपटावर नाही. तिच्या हातात चावी आली, पण कंपनीच्या 'सर्व'मध्ये ती अजून यायची आहे. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर पत्रकातली ही पुढची मागणी आहे, आणि मी ती सोडलेली नाही.

त्या संध्याकाळी गेटजवळच्या टपरीवर आम्ही दोघी चहा प्यायला बसलो. पाऊस शेवटपर्यंत आला नाही. ती चावी गाठीत बांधत होती.

"ताई, एवढी मानसं माझ्यासाठी थांबली व्हती व्हय?"

"हो."

तिनं गाठ आवळली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"माझ्या लग्नात बी थांबली नव्हती," ती म्हणाली, आणि बशीत चहा ओतून फुंकर घालत गिरणीकडे बघत बसली.